त्याचं दुखणं माझ्या तोंडून

मागच्या महिन्यात आमची धाकटी सून मूत्रपिंडाच्या जंतुसंसर्गाने आजारी पडली. आठ दिवस दवाखान्यात होती आणि रोज तिला शिरेतून औषध जायचं. एका सकाळी मी डबा घेऊन गेलो तेव्हा नर्स तिला विचारत होती, "कानात आवाज येतो का? चक्कर वगैरे?"

"नाही, काही नाही," सून म्हणाली.

नर्स गेली आणि ही हसत मला म्हणते, "बाबा, कालपासून जरा गुंऽ होतंय. पण सांगितलं की अजून चार दिवस ठेवून घेतील."

मी तिच्यावर ओरडलो. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठून बसली. मग मीच जाऊन नर्सला परत बोलावून आणलं. डॉक्टरांनी त्याच दिवशी औषध बदललं आणि आठवड्याभरात सुनेचे कान मोकळे झाले. सुनेचा राग मात्र अजून गेलेला नाही. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं ती माझ्या मुलाला म्हणाली, आणि तिचं फार चुकलं असं मला वाटत नाही.

ओरडण्यामागचं कारण तिला तोंडाने सांगणं मला जमलं नाही. घरात ते फक्त माझ्या बायकोला माहीत होतं आणि ती आता नाही. म्हणून लिहितो. सुनेला मराठी वाचायला वेळ लागतो, तरी तिने हे वाचावं. आणखी कुणाला तसलं इंजेक्शन चालू असेल तर त्यानेही वाचावं.

कप

साल छप्पन. मी एकोणतीस वर्षांचा होतो. हैदराबाद सरकारच्या महसूल खात्यात कारकून. जन्म नांदेड जिल्ह्यातला, शिक्षण सगळं उर्दूतून, आणि बिऱ्हाड हैदराबाद शहरात, अफझलगंजच्या मागच्या एका गल्लीत. घरात बायको सुलोचना आणि चार वर्षांची शैला. माझं उर्दू अक्षर मोत्यासारखं होतं. हे मी स्वतः सांगतोय यावरून माझा स्वभाव लक्षात यावा.

उन्हाळ्यात खोकला लागला. दोन महिने तो मी अंगावर काढला. एके दिवशी कचेरीत खोकलो आणि समोरच्या कागदावर लाल ठिपका पडला. मी त्यावर चटकन टीपकागद दाबला, लाल शाई टिपावी तसा. शेजारच्या टेबलावरच्याला कळलं नाही याचंच मला समाधान वाटलं.

छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "दिक है." आमच्याकडे क्षयाला तेव्हा सगळे दिकच म्हणत. पुढे ते बरंच बोलले, पण मी दुसरंच काही आठवत बसलो होतो. सकाळी शैलाने माझ्या ताटातला घास मागितला होता आणि मी तो भरवला होता.

घरी जायचा धीर होईना. नामपल्ली स्टेशनपर्यंत चालत गेलो आणि समोरच्या हॉटेलात बसून चहा मागवला. चहा पिऊन कप खाली ठेवला आणि विचार आला, आता या कपातून पुढचा कोण पिणार? बशीसकट कप जमिनीवर पाडला. मालक ओरडला, "अंधे हैं क्या मियाँ?" मी भरपाई दिली आणि निघालो. त्या सगळ्या आजारपणात मी केलेलं एवढंच एक काम मला आज धड वाटतं.

सुलोचनाला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिने शैलाला उचललं, शेजारच्या बिऱ्हाडात नेऊन सोडलं, आणि परत येऊन माझी गादी वेगळी घातली. नंतर चुलीपुढे बसून बराच वेळ धुराचं निमित्त करून डोळे पुसत होती.

सकाळची सुई

शहराबाहेरच्या क्षयाच्या दवाखान्यात मला खाट मिळाली. लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा, बाहेर व्हरांडा आणि त्यापलीकडे कडुलिंबाची झाडं. सकाळी कंपाउंडर यादगिरी ट्रे घेऊन यायचा. छोट्या बाटलीतल्या पांढऱ्या भुकटीत पाणी घालायचा, बाटली तळहातांत घोळवायचा आणि म्हणायचा, "तिरगू, तिरगू." म्हणजे कुशीवर वळ. स्ट्रेप्टोमायसिन. सुनेला दिलं ते औषध याच जातीचं. एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. तासभर बसता यायचं नाही. शिवाय कडू पुड्या होत्या. त्या घेतल्या की दिवसभर मळमळायचं.

पण त्या सुईवर आमचा जीव होता. वॉर्डातल्या प्रत्येकाने घरात, शेजारात दिकने माणूस गेलेला पाहिला होता. माझा एक मामा गोठ्याशेजारच्या खोलीत खोकत गेला, त्याला पाणी द्यायलाही कुणी आत जात नसे. आणि इथे महिन्याभरात ताप उतरत होता, वजन वाढत होतं. सुई चुकली तर माणसं कासावीस व्हायची.

रविवारी सुलोचना बस बदलून यायची. शैलाला कुंपणाबाहेर एका बाईपाशी उभी करायची आणि मला डबा द्यायची. मी व्हरांड्यातून हात हलवायचो. पोरगी हात हलवायच्या ऐवजी तिच्या बाहुलीचा हात हलवायची. त्या दिवसांत मला तेवढंही पुरत होतं.

दुभाषा

मोठे डॉक्टर हैदराबादचेच होते. उंच, थकलेले, मायाळू. आठवड्यातून दोनदा त्यांची फेरी असायची. त्यांना उर्दू, तेलुगू आणि इंग्रजी यायचं, मराठी नाही. वॉर्डात मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली आठ-दहा माणसं होती. डॉक्टरांपुढे त्यांची दातखीळ बसायची. कुणाला मोडकं हिंदी येत असलं तरी साहेबापुढे ते बाहेर पडत नसे.

एकदा मी मधे पडून एकाचं दुखणं उर्दूत सांगितलं. डॉक्टर खूश झाले. "वाह मुन्शी साब!" तेव्हापासून फेरीत मी त्यांच्या मागोमाग खाटेखाटेपाशी जायला लागलो. ते विचारायचे, मी मराठीत विचारायचो, उत्तर उर्दूत सांगायचो. आजारी माणसाला वॉर्डात काही किंमत नसते, मला ती होती. फेरीच्या दिवशी मी दाढी करायचो.

पावसाळ्यात माझ्या शेजारच्या खाटेवर किसन आला. परभणीकडच्या खेड्यातला गवंडी, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. हाडांचा सापळा झाला होता, पण हात भक्कम. आल्या आल्या त्याने वॉर्डाच्या भिंतीकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "मुन्शीजी, ही भित वळंब्यात न्हाई, कललीया. कोन्या आडाण्यानं बांधली?" गावोगावी देवळांचे कळस आणि माड्या बांधल्याचं तो सांगायचा. परांचीवर, दोन बांबूंवर टाकलेल्या फळीवर, तो डोक्यावर घमेलं घेऊन चालायचा. "खाली बगायचं न्हाई, बस. पायाला सोताला कळतं." माडीवरच्या कामाला त्याच्यासारखा माणूस तालुक्यात नव्हता, असं त्याचा भाऊ भेटायला आला तेव्हा म्हणाला.

सुलोचना डब्यात त्याच्यासाठी एक ज्वारीची भाकरी जास्त आणायला लागली. इथला भात त्याच्या घशाखाली उतरत नसे.

रेघ

एका फेरीला पलीकडच्या रांगेतल्या मल्लय्या नावाच्या म्हाताऱ्याने सांगितलं की कानात आवाज येतो आणि डोकं गरगरतं. डॉक्टर थांबले. त्यांनी यादगिरीकडून वॉर्डाच्या मधोमध खडूने एक लांब रेघ ओढून घेतली आणि आम्हा सगळ्यांना एकेक करून तिच्यावरून चालायला लावलं. आधी डोळे उघडे, मग मिटून. मल्लय्या आणि आणखी एक जण डोळे मिटताच कलले. दोघांची सुई त्याच दिवशी बंद झाली. पुढच्या आठवड्यात दोघांना गोळ्या-पुड्या देऊन घरी पाठवलं, कारण सुई नसेल तर खाट अडवायचं कारण नव्हतं.

डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं होतं. हे औषध दिकचे जंतू मारतं, पण कुणाकुणाच्या कानाच्या आत, तोल सांभाळणाऱ्या नाजूक भागालाही मारतं. वेळेवर कळलं तर बंद करता येतं. उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही. "मेरेकू मालूम कैसा पडता? आप बोले तो पडता," ते म्हणाले. हे वाक्य मी स्वतः मराठीत करून सगळ्यांना सांगितलं.

पण वॉर्डाने त्यातून दुसरंच शिकून घेतलं. बोललं की सुई जाते. त्या दिवसापासून सगळे मूग गिळून बसायला लागले.

बातम्या

त्यात राज्यं बदलायची होती. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला हैदराबाद राज्य मोडून त्याचे तीन तुकडे व्हायचे होते. मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसुरात, शहर आंध्रात. सुलोचनाचा भाऊ शिळी वर्तमानपत्रं आणून द्यायचा आणि मी ती वॉर्डात मोठ्याने वाचायचो. नुसती वाचून दाखवली असती तर ठीक होतं. मी त्यावर बोलायचोही.

"दवाखाना आता आंध्राचा होणार," मी सांगितलं. "आपण मुंबईचे. आपल्याला कोण कशाला खाट देईल? पहिल्या तारखेच्या आत ज्याची सुई पुरी होईल तो वाचला."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कुठे छापूनही आलं नव्हतं. माझा आपला अंदाज. पण मुन्शीजींनी पेपरात वाचलं म्हणून मराठवाड्याच्या सगळ्या माणसांनी त्यावर विश्वास ठेवला.

माझी स्वतःची भीती वेगळी होती. कचेरीतल्या मित्राने कळवलं की कोण कुठल्या राज्यात जाणार याच्या याद्या चालू आहेत आणि लांबच्या रजेवर असलेल्यांनी तब्येत ठीक असल्याचा दाखला ताबडतोब आणावा, नाहीतर नाव कुठल्याच यादीत बसणार नाही. सुलोचनाला हैदराबाद सोडायचं नव्हतं, मला नोकरी सोडायची नव्हती, आणि यावरून आमचं कुंपणाशी उभ्या उभ्या भांडण व्हायचं. डॉक्टर म्हणाले होते की सगळं असंच चाललं तर ऑक्टोबरअखेर दाखला देता येईल.

आणि सप्टेंबरात माझ्या कानात रातकिडा बोलायला लागला. दुपारी सगळे पडले की स्पष्ट ऐकू यायचा. मी कापसाचे बोळे घातले. आवाज बाहेरचा नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही.

चार फेऱ्या

दोन-तीन दिवसांनी फेरी होती. डॉक्टर किसनच्या खाटेशी आले. "पूछो मुन्शी साब, कानां में आवाज? चक्करां?"

मी विचारलं. किसन उठून बसला आणि म्हणाला, "मुन्शीजी, त्येंला सांगा, डोळं मिटलं का जिमीन सरकतीया. चालाया लागलं का म्होरचं समदं हालतंय. झाडंबी हालत्यात."

मला झटक्यात सगळं दिसलं. हे सांगितलं की रेघ ओढली जाणार. सगळ्यांना चालायला लावणार. मीही चालणार, डोळे मिटून.

मी डॉक्टरांना म्हटलं, "आराम है साब. भूक जरा कम है बोल रा."

किसनने माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि ते पुढे गेले. फेरी संपल्यावर किसनने विचारलं, "काय म्हनले?"

"म्हणाले, होतं तसं थोडं. काळजी करू नकोस."

म्हणजे मी दोन्हीकडे खोटं बोललो. मनाची समजूत घालायला कारण तयार होतं. त्याचीही सुई वाचतेय, पहिल्या तारखेच्या आत त्याचंही पुरं व्हायला हवं, मी त्याचं भलंच करतोय. त्यात थोडं खरंही होतं, म्हणून मला झोप लागायची.

असं चार वेळा झालं. दर वेळी त्याची तक्रार वाढलेली असायची आणि माझं उर्दू तेवढंच गुळगुळीत. चौथ्या वेळी तो फार काही बोललाच नाही. "तसंच हाये," एवढंच म्हणाला. मी डॉक्टरांना म्हटलं, "वैसाच अच्छा है साब."

हौद

सकाळी हौदाशी तोंड धुवायला गर्दी असायची. मी दात घासत उभा होतो. किसनने तोंडाला साबण लावला, म्हणून डोळे मिटले, आणि कापलेलं झाड पडावं तसा सरळ बाजूला कोसळला. हातसुद्धा पुढे केले नाहीत. कपाळ हौदाच्या कडेवर आपटलं. साबणाच्या पाण्यात रक्त पसरलं.

यादगिरीने आणि मी त्याला आत आणलं. मोठे डॉक्टर धावत आले. टाके घालून झाल्यावर त्यांनी त्याला धरून उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि लगेच सावरलं. मग मला म्हणाले, "पूछो, कब से है ये?"

मी विचारलं. किसन म्हणाला, "पंधरा दिस झालं असत्याल. म्या तर पयल्या दिशीच सांगितलं व्हतं की."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. ते वाक्य मला उर्दूत करायचं होतं.

मी म्हटलं, "आज सवेरे से, साब."

या आजारपणात मी जे काही केलं त्यातलं सगळ्यात वाईट हे. पहिल्या वेळी घाबरलो होतो असं म्हणता येईल. या वेळी त्याच्या कपाळातून रक्त येत होतं.

डॉक्टर यादगिरीकडे वळले. त्यांनी खडू मागवला. माझी पाळी आली तेव्हा डोळे मिटून चार पावलं टाकली आणि पाचव्याला मी एका खाटेवर जाऊन आदळलो. आमची दोघांची सुई बंद झाली, पण फुफ्फुसातला डाग अजून भरला नव्हता म्हणून डॉक्टरांनी आमच्या खाटा राहू दिल्या.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"मुन्शी साब, मैं तो आपके मुँह से सुन रा था ना," ते म्हणाले. "अब किसके मुँह से सुनूं?"

मी विचारलं, किसनचा तोल परत येईल का? ते म्हणाले की डोळ्यांच्या आणि पायांच्या आधाराने तो चालायला शिकेल. जमिनीवरचं काम करील. पण परांचीवर चढणं आता विसरा. पहिल्याच फेरीला कळलं असतं तर? मी विचारलं. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

त्यांनी जे सांगितलं ते मीच जाऊन किसनला सांगितलं. आणखी कोण सांगणार? या वेळी एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. किसन म्हणाला, "मंग मी काय करू?" आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्याचं म्हणणं मी डॉक्टरांपर्यंत पोचवलंच नव्हतं, ते मात्र मी त्याला सांगितलं नाही.

सुलोचना

रविवारी सुलोचना आली आणि किसनच्या कपाळावरची पट्टी पाहून तिने विचारलं. मी तिला व्हरांड्याच्या टोकाला नेऊन सांगितलं. ऐकता ऐकता तिने डबा खाली ठेवला.

"डॉक्टरांना सांगितलंत. मला सांगितलंत. ज्याचं गेलं त्याला सांगितलंत का?"

"तो मोडून पडलाय. आता सांगून काय..."

"त्याच्यासाठी नका सांगू. तो मला वहिनी म्हणतो. मी त्याला भाकरी कुठल्या तोंडाने देऊ?"

त्या दिवशी तिने भाकरी यादगिरीच्या हाती पाठवली. मग ती कुंपणाकडे गेली. शैलाने बाहुलीचा हात हलवला, पण मला हात वर करवेना.

मी ज्यासाठी हे केलं त्याचं काय झालं, तेही इथेच सांगून टाकतो. दाखला मला दोन महिने उशिरा मिळाला. कचेरीत गेलो तर वरिष्ठ म्हणाले, "आ गए? बैठो." माझं टेबल तसंच होतं आणि पुढे माझी नेमणूक हैदराबादेतच झाली. दवाखान्यातून मराठवाड्याच्या एकाही माणसाला कुणी हाकललं नाही. नोव्हेंबरची पहिली तारीख आली आणि गेली. यादगिरीने नेहमीप्रमाणे ट्रे आणला. माझे कानही बरेचसे सुधारले. मी सगळ्यातून सुटलो.

सुई थांबल्यावर गोळ्या-पुड्यांनीही आम्ही दोघं बरे झालो, हेही सांगायला हवं. वेळ जास्त लागला, एवढंच. डॉक्टर हे पहिल्यापासून सांगत होते. तेव्हा ज्याला असं औषध चालू आहे त्याने कान वाजले, तोल गेला, लघवी कमी झाली, काहीही वेगळं वाटलं तर त्याच दिवशी सांगावं. औषध बदलता येतं. आणि तुम्ही दुसऱ्या कुणासाठी बोलत असाल, म्हाताऱ्या आईसाठी, लहान पोरासाठी, भाषा न येणाऱ्या शेजाऱ्यासाठी, तर तो म्हणतो तेवढं आणि तसंच सांगा. त्यात तुमची हुशारी घालू नका.

कडुलिंबाखाली

किसनला सांगायला मला तीन आठवडे लागले. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज काहीतरी कारण सापडायचं. तोपर्यंत तो पुन्हा चालायला शिकत होता. समोरच्या झाडावर नजर रोवायची, पाय फाकवून टाकायचे, आणि एक हात माझ्या खांद्यावर. व्हरांडा ते कडुलिंब, कडुलिंब ते व्हरांडा. मी त्याला फिरवायचो आणि वॉर्डातले लोक माझं कौतुक करायचे.

शेवटी एका सकाळी झाडाखाली बसलो असताना मी सांगितलं. तू जे म्हणायचास ते मी डॉक्टरांना सांगितलंच नाही. चारही वेळा. आणि पडलास त्या दिवशीही खोटं बोललो.

तो हसला. मला वाटलं त्याला समजलंच नाही.

"मुन्शीजी, मला ठावं हाय की," तो म्हणाला. "हैद्राबादच्या राज्यात जल्मलो, 'आराम है' येवढं बी कळंना व्हय? बोलाया न्हाई येत, पन कळतंय."

"मग तू गप्प का बसलास?"

"मला वाटलं, मुन्शीजी शिकलेलं मानूस. पेपर वाचत्यात. माजी सुई जाऊ नई म्हून दडवत्यात. माज्यासाटी येवढं खोटं बोलत्यात, मंग म्या कशाला मधी तोंड घालू? घरी भावालाबी सांगितलं म्या, की असा मानूस भेटला म्हून."

मी इथे थांबलो असतो तर त्याने मला आयुष्यभर दुवा दिला असता. ते मोठं सोपं होतं. पण मला सुलोचनाचं तोंड दिसत होतं.

"तुझ्यासाठी नाही, किसन," मी म्हटलं. "माझ्या कानातही आवाज येत होता. तुझं सांगितलं असतं तर मलाही रेघेवर चालवलं असतं. माझा दाखला अडला असता. मी माझ्यासाठी गप्प बसलो."

तो हाताने जमिनीवरच्या वाळक्या निंबोळ्या गोळा करायला लागला. मग विचारलं, "अन् तुमचं कान? आता?"

"बरे आहेत."

त्याने मान हलवली. गोळ्यांची वेळ झाली होती. मी उठून सवयीने खांदा पुढे केला. तो झाडाला धरून उठला आणि हात पसरून, झोकांड्या खात, एकटाच व्हरांड्याकडे गेला. दोनदा पडता पडता वाचला. मी मागे होतो, पण त्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी फेरी होती. मी दाढी केली नव्हती. डॉक्टर किसनच्या खाटेपाशी आले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पूछो, चक्करां कम हुए क्या?"

मी तोंड उघडलं. किसनने हात वर करून मला थांबवलं. खाटेची दांडी धरून तो उभा राहिला.

"साब," तो म्हणाला, "मेरा मैं बोलता."

आणि तो बोलला. कधीपासून, कसं, कुठल्या वेळी जास्त, मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. डॉक्टर त्याच्याकडे वाकून ऐकत होते. मी दोघांच्या मधून बाजूला झालो. एक-दोनदा त्याला शब्द सापडला नाही, तेव्हा त्याने हाताने करून दाखवलं. माझ्याकडे पाहिलं नाही.